प्लूटोचे श्रेय आणि गुरूचे चंद्र

व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव आज कानावर पडते ते बहुतेक एकाच वाक्यात. प्लूटो सापडला १९३० साली. त्याच्या १९ वर्षे आधी एका मराठी माणसाने त्याचे अंतर सांगून ठेवले होते. ऐकणाऱ्याची छाती फुगते, सांगणारा पुढच्या विषयाकडे वळतो. केतकरांनी नेमके काय मांडले, कशाच्या आधारावर मांडले, याची चौकशी कोणी करत नाही.

हा अभिमान मला उथळ वाटतो. प्लूटोशी केतकरांचा आकडा जुळला तो योगायोगाने, असे माझे मत आहे आणि ते पुढे आकडेमोड करूनच मांडतो. त्यांचे मोल दुसऱ्या जागी आहे. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींमध्ये जे नाते आहे ते त्या तिघांपुरते नसावे, ग्रहांच्या रचनेतही ते चालत असावे, ही त्यांची अटकळ होती. विज्ञान त्या वाटेने पुढे गेले, आणि शंभर वर्षांनी त्याच रीतीने खरेखुरे ग्रह हाती लागले. पण केतकरांना हे श्रेय द्यायचे तर प्लूटोचा तुरा आधी उतरवावा लागतो.

केतकरांनी केले ते काय

केतकर १८५४ साली नरगुंदला जन्मले आणि बागलकोटला शाळेत शिकवत राहिले. दोन्ही गावे आज कर्नाटकात. (आम्ही लोधीपुऱ्याचे, म्हणजे मध्य प्रदेशातले मराठी, महाराष्ट्राबाहेरच्या या माणसाबद्दल आम्हाला थोडी जास्त आपुलकी वाटली तर समजून घ्यावे.) ‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. पंचांगातली ग्रहस्थिती आकाशाशी जुळली पाहिजे, यासाठी ते आयुष्यभर झगडले. राशिचक्र कोणत्या ताऱ्यावरून मोजायचे, या अयनांशाच्या वादात टिळकांचा पक्ष रेवतीचा, केतकरांचा चित्रेचा. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली अहवाल दिला, तेव्हा मान्यता मिळाली ती चित्रेलाच.

असा माणूस १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद्या मंडळाच्या नियतकालिकात लिहितो की, नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत. नावे सुचवतो ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर ३८.९५ खगोलीय एकके आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षे. प्लूटोचे आज मानले जाणारे अंतर ३९.४८ एकके आणि काळ सुमारे २४८ वर्षे. अंतरातली चूक दीड टक्क्याच्याही आत.

त्याच सुमारास अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल आणि विल्यम पिकरिंग हेही नववा ग्रह शोधत होते. त्यांची रीत वेगळी होती. युरेनस आपल्या गणिती वाटेवरून किंचित हटलेला दिसतो, तर त्याला ओढणारे कोणीतरी पलीकडे असले पाहिजे, असा त्यांचा तर्क. केतकरांनी या ओढाताणीला हात लावला नाही. त्यांनी फ्रेंच गणिती लाप्लासने गुरूच्या चंद्रांत दाखवलेले गतींचे नाते उचलले आणि बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिले. त्यांच्या कामाचे वेगळेपण सगळे या एका निवडीत आहे, आणि नेमकी तीच छाती फुगवणाऱ्या वाक्यातून गळते.

आकडा जुळला, म्हणून काय?

आता आकडेमोड. युरेनसचा काळ ८४.०२ वर्षे, नेपच्यूनचा १६४.७९. एकाला या आकड्यांनी भागले की त्यांच्या गती मिळतात. पहिल्याची गती, वजा दुसऱ्याच्या गतीची चौपट, अधिक तिसऱ्याच्या गतीची तिप्पट, बरोबर शून्य, असे समीकरण मांडा. तिसऱ्याचा काळ निघतो सुमारे २४२.५ वर्षे. केतकरांच्या ब्रह्माच्या इतक्या जवळ की त्यांनी हेच किंवा याच्या अगदी जवळचे काही केले असावे, असे मी धरून चालतो.

पण लाप्लासच्या नात्यातले गुणक १, ४, ३ नाहीत. ते १, ३, २ आहेत. तेच गुणक जसेच्या तसे लावले तर तिसऱ्या ग्रहाचा काळ ३१७ वर्षे येतो आणि तो साडेसेहेचाळीस एककांवर जाऊन बसतो. म्हणजे गुणक निवडण्याची मोकळीक आहे आणि प्रत्येक निवडीला वेगळा ग्रह मिळतो. मोकळीक जितकी जास्त, तितके जुळण्याचे मोल कमी.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. अठराव्या शतकातला टिटियस-बोडचा नियम घ्या. ठरावीक आकड्यांची दुप्पट करत जायचे, चार मिळवायचे, दहाने भागायचे. ग्रहांची अंतरे मिळतात. युरेनसला तो लागू पडला, सेरेसला पडला, नेपच्यूनपाशी मात्र साफ आपटला. त्याच्या यादीत नेपच्यूनच्या जागी अंतर येते ३८.८. हे प्लूटोच्या जवळ आहे! पण कोणी शहाणा माणूस टिटियस आणि बोड यांना प्लूटोचे भाकीतकार म्हणत नाही. मग ३८.९५ वाल्याला का म्हणायचे?

आणि प्लूटोचे नेपच्यूनशी नाते आहे ते वेगळेच. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा प्लूटोच्या दोन. १९६० च्या दशकात कोहेन आणि हबर्ड यांनी संगणकावर दोघांच्या कक्षा दीर्घ काळासाठी सोडवल्या, तेव्हा हे बंधन पक्के असल्याचे दिसले. प्लूटो १९७९ ते १९९९ या काळात नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तरी दोघे एकमेकांजवळ कधीच येत नाहीत ते याच बंधनामुळे. ग्रहाग्रहांत असे बंधन असते, इथवर केतकर बरोबर होते. कोणते, हे त्यांचे चुकले. विष्णू तर कुठे सापडलाच नाही.

लोवेलचे काय झाले, तेही सांगायला हवे. प्लूटो त्याच्याच वेधशाळेत क्लाइड टॉमबॉने हुडकला, तेव्हा लोवेलचे गणित खरे ठरले असा गाजावाजा झाला. १९७८ साली प्लूटोचा चंद्र कॅरन सापडला, त्यावरून प्लूटोचे वजन काढता आले, आणि ते पृथ्वीच्या अर्ध्या टक्क्याइतकेही भरले नाही. इतक्या हलक्या गोळ्याने युरेनस कसा हलणार? पुढे व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये नेपच्यूनचे वस्तुमान नीट मोजून दिले आणि युरेनसची ती तथाकथित हटलेली चालच नाहीशी झाली. प्लूटो सापडला तो टॉमबॉच्या चिकाटीमुळे. श्रेयाच्या या बाजारात केतकरांना उभे करण्यात त्यांचा मान आहे, असे मला वाटत नाही.

तपासता येणारे विधान

भाकीत कशाला म्हणायचे? ज्याच्या बळावर पुढच्याला काही तपासता येते त्याला. असे विधान पाहायचे असेल, तर लोधीपुऱ्यातून बुऱ्हाणपूर शहरात आलात की जामा मशिदीत जाऊन या. फारुकी सुलतान आदिलशहाने ती बांधवली. आत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात सुलतानाच्या वंशावळीनंतर चक्क पंचांग कोरलेले आहे. शके १५११, संवत १६४६, पौष शुद्ध दशमी आणि मग एकादशी, सोमवार, कृत्तिका आणि मग रोहिणी, शिवाय योग, करण, घटिका. हा मजकूर घेऊन आज कोणीही गणिताला बसू शकतो. जुन्या ज्युलियन मोजणीने तो ५ जानेवारी १५९० चा दिवस येतो. वारही जुळतो, चंद्राची कलाही जुळते. कोरणाऱ्याने एक अंग चुकवले असते तर दुसऱ्याने ते पकडून दिले असते.

केतकर याच परंपरेतले, आणि तिच्या कसोटीला त्यांचे १९११ चे विधान उतरत नाही. त्यांनी अंतर दिले, काळ दिला. ग्रह आकाशात कोणत्या राशीत, कोणत्या अंशावर शोधावा हे दिले नाही. त्या टिपणावरून दुर्बीण कुठे रोखावी हे कोणालाही कळले नसते. पंचांगातली पाव अंशाची चूक ज्यांना खपत नसे, त्यांच्या हातून हे राहिले. मला यात त्यांचा हलगर्जीपणा दिसत नाही. गुरूच्या चंद्रांनी त्यांना जे दाखवले ते रचनेचे सूत्र होते, जागेचे नव्हे, आणि त्यांनी सूत्रापुरतेच लिहिले. जागा सांगितल्याचा डौल नंतर आपण त्यांच्यावर चढवला.

गुरूच्या दारातले गणित

मग मूळ सूत्रात एवढे काय आहे? इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण चंद्रांबद्दल आपल्याकडे जे छापून येते ते बहुतेक मोजदादीपुरते असते. शनीचे २०२५ मध्ये एकदम १२८ नवे चंद्र जाहीर झाले आणि एकूण २७४ झाले, तेव्हा शनी चंद्रांच्या संख्येत सर्वांत पुढे असल्याचे मथळे आले, जणू निवडणुकीचा निकाल. यातले बहुतेक चंद्र काही किलोमीटरांचे दगड आहेत.

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेल्या चारांपैकी आतले तीन घ्या: आयो, युरोपा, गॅनिमीड. आयो पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी मारतो, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड सात दिवसांहून थोड्या जास्त वेळात. प्रत्येक वेळी दुप्पट. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते, आणि इथेच ती चुकते, कारण हे नेमके दुप्पट नाही.

पंचांगकर्त्याच्या भाषेत तिघांची मध्यम दैनंदिन गती लिहा. आयो २०३.४८९ अंश, युरोपा १०१.३७५, गॅनिमीड ५०.३१८. आयोच्या गतीतून युरोपाची दुप्पट वजा केली तर उरतात ०.७३९ अंश. युरोपाच्या गतीतून गॅनिमीडची दुप्पट वजा केली तरी उरतात ०.७३९ अंश. सुमारे ४४ कलांची तूट, दोन्हीकडे तीच! दशांश आणखी वाढवा, तरी ती सारखीच राहते. दोन तुटी समान आहेत एवढे लिहिले की लाप्लासचे समीकरण आपोआप तयार होते: आयोची गती, वजा युरोपाची तिप्पट, अधिक गॅनिमीडची दुप्पट, बरोबर शून्य. याचा एक दिसणारा परिणाम असा की हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड एकत्र आले की आयो हमखास समोरच्या अंगाला असतो.

बोडचा नियम आणि हे नाते यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बोडकडे यादी होती, कारण नव्हते. इथे कारण आहे, आणि ते लाप्लासने १७८० च्या दशकात दाखवले. चंद्र एकमेकांना ओढतात. बंधनातून एखादा किंचित निसटू लागला की उरलेल्या दोघांची ओढ त्याला परत आणते. आकडे जुळलेले आहेत, कारण त्यांना न जुळण्याची मुभा नाही. ज्याने आयुष्यभर मध्यम गतींची कोष्टके केली त्या केतकरांच्या नजरेला या समान तुटीने धरले असल्यास नवल काय?

गुणोत्तरातून आग

या नात्याला १९७९ मध्ये वेगळेच वजन आले. बंधनामुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. गुरू एकटा असता तर त्याने ती कधीच गोल केली असती, पण युरोपाची ओढ ती किंचित लांबट ठेवते. त्यामुळे एका फेरीत आयो गुरूपासून साडेतीन हजार किलोमीटरांच्या फरकाने जवळ-दूर होत राहतो. गुरूच्या अजस्र ओढीखाली त्याचा घट्ट खडक सुमारे १०० मीटर वरखाली होतो. दर पावणेदोन दिवसांनी, अखंड. या मळण्यातून उष्णता निर्माण होते.

पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी हे गणित करून आयोचा अंतर्भाग वितळलेला असावा, असे २ मार्च १९७९ रोजी छापले. ५ मार्चला व्हॉयेजर १ गुरूजवळून गेले. ९ मार्चला लिंडा मोराबिटो यांना एका छायाचित्रात आयोच्या कडेला ज्वालामुखीचा फवारा दिसला. आज तिथे चारशेहून जास्त जिवंत ज्वालामुखी माहीत आहेत आणि आयोतून बाहेर पडणारी उष्णता संपूर्ण पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेच्या दुपटीच्या घरात आहे. आयो आकाराने आपल्या चंद्राएवढा. भाकीत म्हणतात ते हे: आधी सांगितले, जागा सांगितली, कारण सांगितले, आठवड्यात पडताळले.

युरोपा आयोच्या मानाने गुरूपासून लांब, म्हणून तिथले मळणे सौम्य. तिच्यात ज्वालामुखींऐवजी पाणी आहे. गॅलिलिओ यानाच्या चुंबकमापकाने बर्फाच्या कवचाखाली खारट समुद्राच्या खुणा नोंदवल्या. पृथ्वीच्या सर्व समुद्रांहून जास्त पाणी तिथे असावे. सूर्यापासून इतक्या दूर पृष्ठभागावर पाणी नाही म्हणून जीवसृष्टीचा विचारच सोडून देणाऱ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो. बुऱ्हाणपूरकराला कमी लागावा. मुघल सरदार खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याचे पाणी सातपुड्यातून जमिनीखालूनच शहरात येते, आणि वरून चालणाऱ्याला फक्त कुंड्यांची तोंडे दिसतात.

याची उलट तपासणीही निसर्गाने करून ठेवली आहे. चौथा चंद्र कॅलिस्टो त्याच गुरूचा, त्याच घरातला, पण बंधनाबाहेरचा. त्याचा काळ गॅनिमीडच्या दुप्पट नाही, सव्वादोन पटींहून जास्त आहे. त्याचा पृष्ठभाग खड्ड्यांनी भरलेला, अब्जावधी वर्षे जवळपास न बदललेला.

रीत परत आली

केतकरांची मूळ अटकळ अशी होती की, चंद्रांतले तिहेरी नाते ग्रहांतही असावे आणि दोन माहीत असतील तर तिसरा काढता यावा. आपल्या सूर्यमालेत ती फळली नाही. दुसरीकडे फळली.

ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. सातवा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना एकदाच दिसला होता, त्यामुळे त्याचा काळ माहीत नव्हता. संशोधकांनी आतल्या ग्रहांची तिहेरी नाती मांडली, सातव्यासाठी शक्य असलेले मोजके काळ काढले, आधीच्या निरीक्षणांशी न जुळणारे बाद केले. उरला एकच, १८.७७ दिवस. मग केप्लर दुर्बिणीची नोंद तपासली आणि ग्रह तिथेच होता. २०२३ मध्ये एचडी ११००६७ या ताऱ्याच्या सहा ग्रहांपैकी बाहेरच्या तिघांचे काळ असेच आधी गणिताने काढले गेले आणि मग पडताळले गेले.

रीत तीच. केतकरांपाशी नव्हती ती पडताळणीची सामग्री, आणि चुकीचे गुणक बाद करू शकेल असे एकही निरीक्षण. १९११ च्या बागलकोटात ते कुठून येणार?

आक्षेप

कोणी म्हणेल, मग केतकर काळाच्या पुढे होते असे सरळ म्हणा ना. अभिमान तोच राहिला. राहू दे, पण ‘काळाच्या पुढे’ म्हटले की चूक झाकली जाते. त्यांचे गुणक चुकले, दुसरा ग्रह निघाला नाही, युरेनस त्या बंधनात नाही. हे सगळे सांगूनही जे उरते ते मोठे आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: ट्रॅपिस्टच्या संशोधकांनी केतकरांचे टिपण वाचलेले नसणार, तेव्हा तिथे त्यांचे श्रेय कसले? हे मला मान्य आहे. वारसा इथे लाप्लासचा आहे आणि दोघांनी तो स्वतंत्रपणे वापरला. माझा दावा एवढाच की केतकरांनी वापरला तेव्हा तो योग्य ठिकाणी वापरायचा प्रयत्न केला, आणि लोवेलपेक्षा त्यांचा प्रश्न चांगला होता. लोवेलचा प्रश्न वस्तुमान नीट मोजल्यावर विरून गेला. केतकरांचा अजून चालू आहे.

तिसरा आक्षेप व्यावहारिक. प्लूटोच्या गोष्टीने मुले आकाशाकडे वळत असतील तर कशाला मोडता घालता? माझे उत्तर, कारण तिच्याहून चांगली गोष्ट हाताशी आहे. गुरूचे चार चंद्र साध्या द्विनेत्रीतून दिसतात. आठवीतल्या मुलाला वरच्या तीन गती द्या आणि वजाबाकी करायला सांगा. दोन्हीकडे तीच तूट आलेली त्याने स्वतः पाहिली तर केतकरांना काय दिसले असेल ते त्याला भाषणाविना कळेल.

२०३०

केतकर १९३० साली गेले, प्लूटो सापडला त्याच वर्षी. म्हणजे २०३० मध्ये फेब्रुवारीत प्लूटोच्या शोधाची शताब्दी आणि त्याच वर्षी केतकरांची स्मृतिशताब्दी. युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचे आहे. युरोपचे ज्यूस यान २०३१ मध्ये पोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरेल. ज्या तीन चंद्रांच्या गतींवर केतकरांनी आपले टिपण उभारले, त्यांतल्या दोघांकडे याने निघालेली आहेत.

त्या वर्षी छाती फुगवणारे वाक्य पुन्हा सगळीकडे छापून येईल, याबद्दल शंका नको. त्याआधी एक काम व्हावे. फ्रेंच जाणणारा आणि गणित जाणणारा, असे दोघे बसून १९११ चे ते टिपण मराठीत आणोत, शेजारी प्रत्येक पायरीची आकडेमोड, गुणकांची निवड आणि चुका छापोत. पुस्तिका पन्नास पानांचीही होणार नाही. पुण्यात, नागपुरात, सांगलीत असे लोक आहेत; त्यांतल्या कोणी हे मनावर घ्यावे.